शहरात चालवायला परवडणारी माउंटन बाइक : सस्पेन्शन नको, हब आणि टायर पाहा

तुम्ही विचारले आहे ते थोडक्यात असे: रोज ऑफिसला जाऊन-येऊन १६ किलोमीटर, रस्ता डांबरी पण खड्डे आणि गतिरोधक यांना तोटा नाही, सुट्टीच्या दिवशी क्वचित एखादी कच्ची वाट, आणि हातात मर्यादित पैसे. साधारण एकाच किमतीच्या दोन सायकली तुम्ही पाहून ठेवल्या आहेत. पहिलीला पुढे आणि मागे दोन्हीकडे सस्पेन्शन, डिस्क ब्रेक आणि २१ गिअर आहेत. दुसरीला साधा ताठ फोर्क (पुढचे चाक धरणारा, सस्पेन्शन नसलेला चिमटा), व्ही-ब्रेक (रिमवर रबरी शू दाबणारे ब्रेक) आणि पुढे एकच दातेरी चकती ठेवून मागे ८ गिअर आहेत. पहिली ‘खरी’ माउंटन बाइक वाटते आणि दुसरी अगदीच साधी, म्हणून तुमचे मन पहिलीकडे ओढले जात आहे. दुसरी घ्या, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्यामागची कारणे सविस्तर सांगतो, म्हणजे हेच मॉडेल न मिळाल्यास तिसरी कोणती पाहावी हेही तुम्हाला ठरवता येईल.

स्वस्त सायकलीत ग्राहकाला दुकानात उभ्या उभ्या जे दिसते त्यावर खर्च केलेला असतो आणि जे दिसत नाही तिथे काटकसर केलेली असते. सस्पेन्शन, डिस्कची चकाकती तबकडी, गिअरचा आकडा आणि जाडजूड फ्रेम डोळ्यांत भरतात. हबमधले, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातले बेअरिंग, त्यातून जाणारा ॲक्सल (चाकाचा अक्ष), रिमची जाडी आणि पॅडलच्या मधल्या अक्षाची गुणवत्ता कोणी विचारत नाही. रोजच्या वापरात मात्र सायकल दुकानात न्यावी लागते ती बहुतेक वेळा या न दिसणाऱ्या भागांमुळेच. म्हणून किंमत सारखी असेल तर ज्या सायकलीवर मिरवण्याजोग्या गोष्टी कमी आहेत तिच्यात उरलेल्या भागांसाठी पैसे शिल्लक राहिले असण्याची शक्यता अधिक असते. शक्यता म्हणतो, खात्री नव्हे. ती खात्री कशी करून घ्यायची ते पुढे येईलच.

आधी सस्पेन्शनकडे वळू, कारण निर्णय तिथेच अडतो. चांगल्या फोर्कमध्ये दोन कामे होतात: धक्का शोषण्याचे काम स्प्रिंग किंवा हवा करते, आणि दबलेली स्प्रिंग उसळून वर येऊ नये म्हणून तेलाचा प्रवाह अडवून तिला आवरण्याचे काम डॅम्पर करतो. स्वस्त फोर्कमध्ये पोलादी स्प्रिंग असते, डॅम्पर नसतो किंवा नावापुरता असतो. त्यामुळे चाक खड्ड्यात गेल्यावर फोर्क दबतो खरा, पण तितक्याच जोराने परत उसळतो आणि हँडल हाताला झटका देते. वर जे फिरवायचे बटण असते त्याने फोर्क कडक किंवा मऊ होतो असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात त्याने फक्त स्प्रिंगला सुरुवातीचा दाब दिला जातो, स्प्रिंगचा मूळ कडकपणा तोच राहतो. असा फोर्क अडीच किलोच्या आसपास वजनाचा असतो, म्हणजे साध्या पोलादी फोर्कच्या दुपटीहून अधिक. मागचे सस्पेन्शन तर आणखी वाईट. तिथे फ्रेम सांध्यांवर हलते, स्वस्त सायकलीत त्या सांध्यांत साधे बुश असतात, पावसाळ्याच्या चिखलपाण्यात ते झिजतात आणि मागचे चाक आडवे डुलू लागते. शिवाय चढावर उभे राहून पॅडल मारले की पायाची बरीचशी ताकद स्प्रिंग दाबण्यात जाते आणि सायकल पुढे जाण्याऐवजी खालीवर होत राहते.

सस्पेन्शनशिवाय माउंटन बाइक कसली, असे वाटत असेल तर इतिहास पाहा. मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेली पहिली माउंटन बाइक, स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजम्पर, १९८१ साली बाजारात आली तेव्हा तिला ताठ फोर्क होता, आणि रॉकशॉक्स कंपनीचा आरएस-१ हा सस्पेन्शन फोर्क आला तो १९८९ साली. मधली सगळी वर्षे लोक डोंगरातल्या वाटा ताठ फोर्कवरच उतरत होते. धक्का शोषण्याचे मुख्य काम रुंद टायरमधली हवा, वाकवलेली कोपरे आणि सीटवरून किंचित उचललेले शरीर या तिघांनी होत असे, आणि शहरातल्या खड्ड्यांसाठी आजही तेवढे पुरते. तुमच्या भागात सस्पेन्शन नसलेली सायकल मिळतच नसेल तर फक्त पुढे सस्पेन्शन असलेली घ्या आणि त्यात फोर्क जखडून ठेवण्याची, म्हणजे लॉकआउटची, सोय आहे का ते पाहा. पुढचा ब्रेक दाबून धरा, हँडलवर छातीचा भार टाकून दोन-चार वेळा दाबा आणि सोडा. वर येताना ‘टक्’ असा धातूचा आवाज आला किंवा ब्रेक दाबलेला असताना फोर्क पुढेमागे हलला, तर ती सायकल तिथेच ठेवा.

याच संदर्भात सायकलीबरोबर येणारी पुस्तिका उघडून पाहावी, जी सहसा कोणी उघडत नाही. एएसटीएम एफ२०४३ या अमेरिकी मानकात सायकलींचे वापरानुसार वर्ग केले आहेत: पहिला वर्ग फक्त पक्क्या रस्त्यांसाठी, दुसरा त्यासोबत खडीचे रस्ते आणि १५ सेंटिमीटरपर्यंतच्या उड्या यांसाठी, तर तिसरा खडबडीत वाटा आणि ६१ सेंटिमीटरपर्यंतच्या उड्या यांसाठी. माउंटन बाइकसारख्या दिसणाऱ्या काही स्वस्त सायकलींवर ‘खडबडीत वाटांवर वापरू नये’ असे चिकटवलेलेही असते. तुमच्या वापराला दुसरा वर्ग पुरेसा आहे, पण मग ज्या कामासाठी ती सायकल बनलेलीच नाही त्या कामाचा देखावा करणारे सस्पेन्शन वाहून नेण्यात अर्थ राहत नाही.

आता हब. मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या दोन पद्धतींनी बसवलेल्या असतात. जुन्या पद्धतीत फ्रीव्हील, म्हणजे चकत्यांचा सबंध गठ्ठा, हबवर आटे फिरवून घट्ट केलेले असते आणि उजवीकडचे बेअरिंग त्याच्या आतल्या बाजूला, फ्रेमपासून बरेच लांब राहते. त्यामुळे ॲक्सलचा मोठा भाग आधाराविना उरतो आणि वजनदार माणूस रोज गतिरोधकांवरून जात असेल तर तो वाकतो किंवा तुटतो. नव्या पद्धतीत चकत्यांचा गठ्ठा (कॅसेट) हबच्याच खाचांवर सरकवून बसवतात; अशा कॅसेटच्या हबमध्ये उजवीकडचे बेअरिंग थेट फ्रेमजवळ येते आणि हा प्रश्न जवळजवळ संपतो. सात गिअरच्या स्वस्त सायकलींना बहुधा फ्रीव्हील असते, आठपासून पुढे कॅसेट मिळण्याची शक्यता वाढते. पण आठ गिअरचे फ्रीव्हीलही बनते, म्हणून आकड्यावर विसंबू नका, दुकानदाराला स्पष्ट विचारा. माझ्या दृष्टीने तुमच्या दोन सायकलींमधला सर्वांत मोठा फरक इथे असू शकतो, आणि जाहिरातीच्या पत्रकात तो एका ओळीपलीकडे कुठे दिसणार नाही.

दुकानात चाक काढून द्यायला सांगितले तर बरेच दुकानदार नाखूश होतात, पण पैसे देण्याआधी हा आग्रह धरावा. चाक हातात घेऊन ॲक्सल दोन बोटांत धरावा आणि सावकाश फिरवावा. तो गुळगुळीत फिरायला हवा. बोटांना खरखर जाणवली तर ‘कोन’ (ॲक्सलवरचे, बेअरिंग आवळणारे नट) जास्त आवळलेले आहेत किंवा ग्रीस नाही, आणि ॲक्सल आडवा खडखडला तर कोन सैल आहेत. दोन्ही दोष तिथेच दहा मिनिटांत दुरुस्त होतात, पण तसेच चालवले तर छर्रे ज्यात फिरतात त्या वाट्यांत खळगे पडतात आणि मग छर्रे बदलूनही उपयोग होत नाही. चाक परत बसवल्यावर ते फिरवून रिम ब्रेकच्या शूजवळून सरळ जाते की नाही ते बघा, डुलत असेल तर सरळ करून घ्या. आरे जोडीजोडीने दाबून पाहा. एखादा लुळा लागला तर चाक नीट ताणलेले नाही. रिम दुहेरी भिंतीची असावी. क्रँक (पॅडलचा दांडा) धरून आडवा हलवा. तिथे खेळ जाणवला तर बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पॅडलचा मधला अक्ष, पाहायला हवा. तो सीलबंद कार्ट्रिजचा असेल तर पावसाळ्यात डोकेदुखी कमी.

गिअरबद्दल फार चिंता नको. २१ हा आकडा ३ गुणिले ७ असा येतो आणि त्यातले अनेक गिअर एकमेकांवर चढलेले असतात. पुढे ४२, ३४, २४ आणि मागे १४ ते २८ दाते असा नेहमीचा संच घेतला तर ४२ आणि २० ची जोडी २.१ पट देते (पॅडलच्या एका फेरीत चाकाच्या २.१ फेऱ्या), आणि ३४ आणि १६ ची जोडी २.१२५ पट; पायाला यात काही फरक कळत नाही. सर्वांत जड गिअर ४२ भागिले १४, म्हणजे ३ पट. पुढे ३८ ची एकच चकती आणि मागे ११ ते ३४ ची कॅसेट असेल तर जड गिअर सुमारे ३.४५ पट होतो. साडेसत्तावीस इंची चाकावर पॅडलच्या मिनिटाला ८० फेऱ्या मारल्या तर पहिल्या संचात ताशी सुमारे ३१ किलोमीटर आणि दुसऱ्यात साडेपस्तीस किलोमीटर वेग मिळतो. सर्वांत हलक्या गिअरच्या बाबतीत मात्र २१ वाली पुढे राहते: २४ भागिले २८ म्हणजे ०.८६, तर ३८ भागिले ३४ म्हणजे १.१२. तुमच्या वाटेत लांब, उभा चढ असेल तर दुसऱ्या सायकलीची पुढची चकती ३२ किंवा ३४ दात्यांची करून मिळते का ते आधीच विचारून ठेवा. सपाट किंवा साधारण चढउताराच्या शहरात त्याची गरज पडणार नाही.

ब्रेकच्या बाबतीत लोक डिस्क म्हटले की डोळे झाकून होकार देतात. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने चालणारा डिस्क असेल तर तो होकार योग्य आहे. स्वस्त सायकलीत मिळतो तो केबलचा डिस्क, आणि त्यात बहुतेक वेळा एकाच बाजूचा पॅड सरकतो व तबकडीला वाकवून दुसऱ्या पॅडवर दाबतो. पॅड झिजत जाईल तसे दोन्ही बाजूंनी वारंवार जुळवून घ्यावे लागते. ते न केल्यास ब्रेक घासत राहतो किंवा लागतच नाही. ॲल्युमिनियमच्या रिमवरचा नीट बसवलेला व्ही-ब्रेक कोरड्या रस्त्यावर त्याच्याइतकाच चांगला थांबवतो आणि त्याचे शू कोणत्याही दुकानात मिळतात. पावसात त्याची पकड उशिरा येते हे खरे. आधी रिमवरचे पाणी पुसले जावे लागते, म्हणून पुढच्या वाहनापासून अंतर जास्त ठेवावे. पोलादी रिम असेल तर मात्र व्ही-ब्रेक अजिबात नको, पावसात तो जवळजवळ थांबतच नाही.

जे पैसे वाचतील ते टायरवर घाला. एवढ्या खर्चात एवढा फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही. कंपनीकडून आलेले गाठीगाठींचे टायर डांबरावर घोंघावतात, गती खातात आणि वळणावर गाठी वाकल्याने पकडही कमी देतात. गुळगुळीत किंवा मध्ये सलग पट्टा असलेले, पावणेदोन ते दोन इंच रुंदीचे टायर बसवा. ओल्या रस्त्यावर गुळगुळीत टायर घसरतो ही भीती मोटारीवरून आलेली आहे. सायकलचा टायर अरुंद आणि गोल असतो, त्याखालचे पाणी आपोआप बाजूला सरते आणि सायकलच्या वेगाला तो पाण्यावर तरंगत नाही. ओल्या रस्त्यावर सायकल घसरते ती रंगवलेले पट्टे, तेल, शेवाळ आणि गटाराची लोखंडी झाकणे यांवर, आणि तिथे गाठींचाही उपयोग होत नाही. टायर घेताना इंचांपेक्षा त्यावर कोरलेला मिलिमीटरचा आकडा पाहा. ५०-५८४ म्हणजे ५० मिलिमीटर रुंद आणि साडेसत्तावीसच्या रिमचा. २९ इंचीला ५८४ ऐवजी ६२२ आणि २६ इंचीला बहुतेक वेळा ५५९ असते. दुसरा आकडा जुळला नाही तर टायर बसणारच नाही. हवा दगडासारखी टणक भरू नये. दोन इंची टायरला सत्तर किलोच्या माणसासाठी ३५ ते ४५ पीएसआय पुरते, त्यातही मागे थोडी जास्त आणि पुढे थोडी कमी. महागड्या फोर्ककडून जी अपेक्षा तुम्ही करत होता त्यातला बराच भाग इथेच मिळून जातो.

मापाबद्दल थोडेच सांगतो, पण ते चुकले तर वरचे सगळे व्यर्थ आहे. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवली आणि पॅडल सर्वांत खाली असले की पाय सरळ व्हायला हवा; मग पंजा ठेवल्यावर गुडघा आपोआप किंचित वाकलेला राहतो. खाली उतरून उभे राहिल्यावर फ्रेमचा आडवा दांडा आणि तुमच्यात दोन-तीन बोटांपेक्षा जास्त जागा असावी. एका कंपनीचे ‘मीडियम’ दुसरीच्या ‘लार्ज’इतके असू शकते, तेव्हा स्टिकरवर न जाता बसून पाहा. फ्रेमवर मडगार्ड आणि कॅरिअर अडकवायची भोके आहेत का तेही पाहून घ्या; पाठीवर बॅग घेऊन रोज ऑफिसला जाणे उन्हाळ्यात नकोसे होते.

कच्ची वाट वर्षातून एखाद्या वेळीच येणार असेल तर मग सरळ हायब्रिडच (मुख्यतः पक्क्या रस्त्यासाठीची, अरुंद टायरची सायकल) का घेऊ नये, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो रास्त आहे. रस्ता खरोखर चांगला असता तर मीही तेच सुचवले असते. खड्ड्यांचे तुम्ही केलेले वर्णन पाहता दोन इंची टायर मावणारी फ्रेम तुम्हाला जास्त कामाला येईल, आणि बऱ्याच हायब्रिडमध्ये एवढी जागा नसते.

नवी सायकल घेतल्यावर पहिल्या महिन्यात केबल बसून सैल होतात, आरे थोडे ढिले पडतात आणि क्रँकचे बोल्ट सैल होऊ शकतात. दुकानाची पहिली मोफत सर्व्हिसिंग असेल तर ती टाळू नका, आणि त्या वेळी हे तिन्ही समोर उभे राहून करून घ्या. क्रँकचा बोल्ट सैल असताना चालवत राहिले तर क्रँकचे चौकोनी भोक झिजते, आणि मग तो कितीही आवळला तरी परत सैलच होतो.