सोलापूरचा पाऊस आणि तुमची गाडी : वाचकांचे प्रश्न

आपल्या जिल्ह्यात वर्षाचा पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या घरात, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात. त्यामुळे 'आपल्याकडं कुठं पाऊस पडतो!' असं म्हणत टायर, वायपर, ब्रेक यांच्याकडे बघायचं राहून जातं. माझ्या मते सोलापुरात पावसाळी अपघातांचं खरं कारण तेच आहे. कोकणातल्या ड्रायव्हरला चार महिने ओल्या रस्त्याची सवय होते. आपल्याला सवय व्हायच्या आत ऊन पडतं.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत कारखान्यात कामाला आहे. भुरभुर सुरू झाली की बाईक घसरते. वेग तीसच्या वर नसतो. धो-धो पावसात मात्र कधी पडलो नाही. असं का होतं?

रस्त्यावर महिनोन्‌महिने धूळ बसलेली असते. ट्रकमधून गळलेलं ऑइल आणि टायर झिजून उरलेलं रबरही तिथंच असतं. भुरभुर आली की या सगळ्याचा लगदा होतो आणि वाहून जाण्याइतकं पाणी नसतं. जोराची सर आली की रस्ता धुतला जातो आणि पकड बरीच परत येते. तेव्हा पहिली वीस-पंचवीस मिनिटं सगळ्यात वाईट. शिफ्ट सुटली असली तरी चहा घ्या आणि मग निघा. पुण्या-मुंबईत पहिला पाऊस जूनमध्ये एकदा येतो. आपल्याकडे दोन सरींमध्ये पंधरा दिवस कोरडे जातात, म्हणजे 'पहिला पाऊस' हंगामात चार-पाच वेळा येतो.

आता ब्रेक. खूप जण पुढच्या ब्रेकला घाबरतात आणि फक्त मागचा दाबतात. गाडी थांबवण्याचं मोठं काम पुढचं चाक करतं. मागचं एकटं दाबलं की ते लॉक होऊन आडवं जातं. दोन्ही ब्रेक एकदम लावा, पण झटका नको, दाब हळूहळू वाढवा. आणि वळणात ब्रेक नको, वेग वळणाच्या आधीच उतरवा. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना १२५ सीसीच्या वर एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि त्याखाली जोडब्रेक (एकाच दाबाने दोन्ही चाकांना लागणारे) सक्तीचे झाले. त्याआधीची गाडी असेल तर सगळं तुमच्या बोटांवर आहे.

झेब्रा पट्टे, गटारीची लोखंडी झाकणं, रेल्वे फाटकाचे रूळ यांच्यावर गाडी सरळ ठेवा, तिरकी घालू नका. शेतातून ट्रॅक्टर डांबरावर चढतो तिथं काळी माती पडलेली असते. ती ओली झाली की टायरच्या खाचा भरून टाकते आणि मग नवा टायरही गुळगुळीत टायरसारखा वागतो.

दर आठवड्याला कारने पुण्याला जातो. टेंभुर्णीच्या अलीकडे जोरदार पावसात स्टेअरिंग एकदम हलकं झालं, गाडी तरंगल्यासारखी वाटली. मित्र म्हणाला, पावसात टायरची हवा थोडी कमी ठेव, पकड वाढते. खरं का?

मित्राचं ऐकू नका. उलटंच आहे. टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा थर अडकला की चाक त्यावर चढतं, मग स्टेअरिंगही नाही आणि ब्रेकही नाही. नासाने १९६० च्या दशकात विमानांच्या टायरांवर प्रयोग करून यासाठी एक सूत्र काढलं. त्यानुसार हवेचा दाब जितका कमी, तितक्या कमी वेगाला टायर तरंगतो. दाब ३२ पीएसआय असेल तर ताशी सुमारे ९४ किलोमीटरला, २४ असेल तर ८२ च्या आसपासच. झिजलेल्या टायरनं साचलेल्या पाण्यात हे आणखी लवकर घडू शकतं. तेव्हा हवा कंपनीने सांगितली तेवढीच भरा, आणि टायर थंड असताना.

कारच्या टायरच्या खाचांत मध्ये मध्ये छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं, म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली, की टायर कायद्यानेही बाद. मी मात्र पावसाळ्याआधी ३ मिलिमीटरलाच बदला म्हणतो. खर्च वाटतो, कबूल.

गाडी तरंगली तर पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, स्टेअरिंग सरळ धरा, ब्रेकवर उभे राहू नका. क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप धरून ठेवणारी सोय) पावसात बंद. वेगाचा साधा हिशोब असा : कोरड्या डांबरावर ८० च्या वेगाला ब्रेक लागल्यापासून गाडी साधारण ३५ मीटरवर थांबते, ओल्यावर त्याच वेगाला साठेक मीटर लागतात. ओल्यात ३५ मीटरवर थांबायचं असेल तर वेग ६० हवा. आणखी एक : चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावायची जी फॅशन आली आहे ती सोडा. त्याने मागच्याला तुम्ही थांबला आहात की लेन बदलताय हे कळत नाही. हेडलाइट डिपरवर लावा, ते पुरे.

आमचं गाव मोहोळ तालुक्यात. ओढ्यावरच्या पुलावरून फूट-दीड फूट पाणी जातं. ट्रॅक्टर जातात, मग कार का नाही? आणि पाणी शिरलं तर विमा मिळतो का?

कारचा तळ साधारण सहा चौरस मीटरचा धरा. पाणी तळाला लागल्यानंतर दर १० सेंटिमीटरला सुमारे ६०० किलो वजन उचललं जातं. छोट्या कारचं वजनच ९०० किलोच्या आसपास. म्हणजे तळापासून वर अर्धा फूट पाणी आलं की चाकांवर भार जवळजवळ उरत नाही, आणि वाहतं पाणी गाडी बाजूला ढकलतं. ट्रॅक्टरची चाकं उंच, वजन जास्त, आणि तळाला असा पसरट पत्रा नाही. त्याच्याशी बरोबरी नको. शिवाय गढूळ पाण्याखाली पुलाचा कठडा किंवा डांबर शिल्लक आहे की नाही, हे ट्रॅक्टरवाल्यालाही माहीत नसतं.

सीना नदीचा अनुभव तुम्हाला मी काय सांगणार. २०२५ च्या सप्टेंबरात लांबोटीजवळ पुणे महामार्ग बंद ठेवावा लागला, विजयपूर रस्ताही वडकबाळला अडला. सीना उगम पावते अहिल्यानगरकडे, पाणी वरच्या भागातलं आणि धरणांतून सोडलेलं. त्यामुळे तुमच्या डोक्यावर आभाळ मोकळं असतानाही पूल बुडू शकतो. निघण्याआधी वरच्या गावातल्या एखाद्याला फोन करा. बॅरिकेड बाजूला करून जाणाऱ्यांबद्दल मी लिहीतच नाही, छापण्यासारखं उरणार नाही.

विमा : फक्त थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या गाडीचं काहीच मिळत नाही. कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये पुराचं नुकसान येतं. पण पाण्यात बंद पडलेली गाडी तुम्ही पुन्हा स्टार्ट केलीत आणि सिलिंडरमध्ये पाणी दाबून कनेक्टिंग रॉड वाकला, तर 'इंजिन प्रोटेक्ट' हे जादा संरक्षण पॉलिसीला जोडून घेतलेलं नसताना तो खर्च सहसा नाकारतात. बंद पडली तर चावीला हात लावू नका. माणसं बाहेर काढा, गाडी टोइंग करून गॅरेजला न्या.

काचेवर आतून वाफ धरते. एसी लावला तर आई म्हणते थंडी वाजते.

एसी चालू, तापमान गरमकडे, हवा काचेकडे, बाहेरची हवा आत घ्यायचं बटण चालू. एसी हवेतला ओलावा काढतो, थंड हवाच हवी असं नाही. वाफ बाहेरून धरली असेल तर काच जास्त गार झाली आहे. तापमान वाढवा, वायपर फिरवा.

स्कूटरवर मागे बसून छत्री धरली तर चालतं का? मुलीला शाळेत सोडायचं असतं.

नाही. वाऱ्याचा झोत आला की छत्री गाडीला वळवते, आणि पुढच्याला काही कळायच्या आत. पुढे-मागे दोघींना बाह्यांचे रेनकोट घ्या. पोंचोसारखे सैल नकोत, ते चाकात जातात. ओढणी, पदर आत खोचलेला. मुलीलाही हेल्मेट, तिच्या मापाचं.

नोकरीसाठी रोज तुळजापूरला जातो, परतायला रात्र होते. कोजागरीच्या आसपास चालत जाणारे भाविक पावसात दिसतच नाहीत. काय करावं?

कोजागरीच्या रात्री वाहतूक वळवली जाते. त्या दिवशी पोलिसांनी जाहीर केलेला मार्गच धरा, नाहीतर मुक्काम करा. अडचण त्याआधीच्या दिवसांची आहे, आणि परतीचा पाऊस नेमका तेव्हाच येतो. ओला डांबरी रस्ता तुमच्या दिव्यांचा उजेड पुढे फेकून देतो, तुमच्याकडे परत पाठवत नाही. म्हणून रस्ता काळा ठार आणि पट्टे गायब. अप्पर लावला तर पावसाचे थेंबच चमकतात. डिपरमध्ये नीट दिसतं साधारण ४०-५० मीटर, आणि ओल्यात ६० च्या वेगाला विचार करायला लागणारा सेकंद धरून थांबायला ५० च्या पुढे. म्हणजे अंधारात पंचेचाळीस. समोरच्याच्या उजेडाकडे न बघता डावीकडच्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवा, पण माणसं त्याच कडेने चालतात हे लक्षात असू द्या. हेल्मेटची काळी काच रात्री नकोच.

घरातलं कुणी चालत निघणार असेल तर पाठीवरच्या पिशवीला लाल-पांढरी रिफ्लेक्टर टेप चिकटवा. मालट्रकांच्या ॲक्सेसरीच्या दुकानात मिळते, आणि डिपरच्या उजेडातही लांबून चमकते.