नॅनोट्यूबच्या फिल्मने अमोनियाची वाफ ओळखता येईल का?

सोलापुरातल्या डाईंग युनिटमध्ये अमोनियाची वाफ ओळखायला कार्बन नॅनोट्यूबची, म्हणजे कार्बन अणूंच्या अतिसूक्ष्म नळ्यांची, फिल्म चालेल का आणि एमएस्सीच्या प्रकल्पासाठी हा विषय झेपेल का, असे तुम्ही विचारले आहे. विषय नक्की झेपेल. मात्र वाफ आल्याचे कळणे हा यातला सोपा भाग आहे. कोणती वाफ आली हे सांगणे आणि ती गेल्यावर फिल्म मूळ स्थितीला येणे, यातच खरी कसोटी लागते.

एकभिंती, म्हणजे एकाच अणूइतक्या जाड भिंतीच्या, नॅनोट्यूबमधला प्रत्येक अणू पृष्ठभागावरच असतो, त्यामुळे तिला चिकटलेल्या रेणूचा परिणाम थेट विद्युतप्रवाहावर होतो. हवेत ठेवलेली अर्धवाहक नॅनोट्यूब पी-प्रकारची असते, म्हणजे तिच्यात प्रवाह इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, अर्थात होल, वाहून नेतात. अमोनिया तिला इलेक्ट्रॉन देतो, होलची संख्या घटते आणि रोध वाढतो, तर नायट्रोजन डायऑक्साइड इलेक्ट्रॉन ओढून घेत असल्याने रोध उतरतो. 2000 साली स्टॅनफर्डमध्ये होंगजिए दाई यांच्या गटाने हे एकेका नॅनोट्यूबवर दाखवले, तेव्हा दहा लाखांत 200 भाग नायट्रोजन डायऑक्साइडने वाहकता सुमारे हजारपट वाढली होती. फिल्मकडून एवढी अपेक्षा ठेवू नका, कारण तिच्यात धातूसारख्या वाहक नळ्याही मिसळलेल्या असतात. चादरीत उभे-आडवे धागे ठरल्या जागी बसतात. फिल्ममध्ये नळ्या कशाही पसरलेल्या असतात आणि प्रवाह त्यांच्या सांध्यांतून वाट काढतो. पण असंख्य नळ्यांची सरासरी मिळत असल्याने एखादी नळी सदोष निघाली तरी फिल्म वाया जात नाही, आणि प्रकल्पासाठी हे फार मोलाचे आहे.

मी काचपट्टीवर नॅनोट्यूबची शाई फवारून, दोन्ही टोकांना सिल्व्हर पेस्ट लावून मल्टिमीटर जोडला होता. लिकर अमोनियाची (अमोनियाच्या पाण्यातल्या द्रावणाची) बाटली जवळ उघडताच आकडा चढू लागला, पण बूच लावल्यावर तो उतरता उतरेना. दुसऱ्या दिवशी सकाळीही तो पहिल्या जागी आला नव्हता. अशी फिल्म तापवून किंवा अतिनील प्रकाशाखाली ठेवून चिकटलेले रेणू काढता येतात, म्हणून हीटरची सोय सुरुवातीपासूनच करून ठेवा.

सोलापुरात सर्वांत जास्त त्रास दमटपणाचा होईल. मे महिन्यातली कोरडी हवा आणि जुलैतली ओलसर हवा यांत फिल्मचा रोध वेगळा येतो. त्यातच डाईंगच्या खोलीत गरम पाण्याची वाफ सतत असते, आणि पाण्याचे रेणूही रोध बदलतात. त्यामुळे पॉलिअॅनिलीनचा (अमोनियाला जास्त प्रतिसाद देणाऱ्या वाहक पॉलिमरचा) थर दिलेली एक आणि साधी एक अशा दोन फिल्म शेजारी ठेवून दोन्हींच्या प्रतिसादातला फरक पाहावा, असे माझे मत आहे. नॅनोट्यूबची कोरडी भुकटी मात्र उघड्यावर हाताळू नका, ती श्वासावाटे फुप्फुसात जाते. तयार शाईच घ्या.

अमोनियाला हात लावण्याआधी दोन्ही फिल्म आठवडाभर त्या युनिटमध्ये नुसत्या ठेवा आणि रोध, तापमान व आर्द्रता यांची दर पाच मिनिटांनी एकत्र नोंद करा.