‘बघू’ हा शब्द इथेच ठेवून जा

प्रिय बाळ,

प्रभूमध्ये सलाम.

रविवारी उपासना सुटल्यावर तू मला चहाच्या गर्दीत गाठलंस आणि विचारलंस, "मावशी, मलावीला जायचं ठरलंय. बॅगेत काय काय घेऊ?" मी "लिहून देते" म्हणाले. चार रात्री लिहिते आहे. बॅगेचं आधी उरकते, कारण तुला सांगायचं ते खरं म्हणजे दुसरंच आहे.

मच्छरदाणी घे. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून सुरू कर आणि परत आल्यावरही सांगितलेल्या दिवसापर्यंत चुकवू नकोस. एक चांगला टॉर्च. आणि स्वेटर, जाडसर. आफ्रिका म्हणजे ऊन असं सगळ्यांना वाटतं, पण तू जाणार तो देद्झाचा भाग आपल्या महाबळेश्वरपेक्षाही उंचावर आहे. जून-जुलैच्या पहाटे तिथे बोटं आखडतात. कपडे कमी ने. तिथल्या बाजारात चितेंजे मिळतं, दोनेक मीटरचं छापील सुती कापड. बायका ते कमरेला गुंडाळतात, त्यातच लेकरू पाठीशी बांधतात, त्याचीच चुंबळ करून डोक्यावर घागर ठेवतात. पहिल्याच दिवशी एक विकत घे आणि गावात शिरताना नेसलेलं असू दे.

राजधानी लिलाँग्वेपासून देद्झापर्यंत डांबरी रस्ता आहे, तिथवर काही अडचण नाही. पुढे मातोला, म्हणजे मागच्या हौद्यात माणसं आणि पोती एकत्र भरलेली पिकअप. त्याच्याही पुढे काबाझा, म्हणजे सायकलच्या कॅरिअरवरची सवारी. आणि शेवटचा तुकडा पायी. हा पायी तुकडा टाळू नकोस. कुणी गाडीची सोय करतो म्हणालं तरी नको म्हण. मंडळीतली माणसं रविवारी त्याच वाटेने चालत येतात. तू धूळ उडवत दारात उतरलीस, तर त्यांच्याशी पहिली ओळख त्या गाडीची होईल.

जानेवारी-फेब्रुवारीत मात्र जाऊ नकोस. पाऊस नोव्हेंबरला सुरू होतो, मका पेरला जातो, आणि नवं पीक हाताशी येईपर्यंत कणग्या रिकाम्या होत जातात. त्या दिवसांत कितीतरी घरांत चूल एकदाच पेटते. पण पाहुणा आला की कोंबडी कापली जाणारच. ती कदाचित त्या घरातली शेवटची असेल, आणि ते तुला कळूही देणार नाहीत. मे-जूनमध्ये जा. मका घरात आलेला असतो, वाटा सुकलेल्या असतात, आणि त्यांनी तुला पोटभर वाढलं तरी त्यांच्या पोटाला चिमटा बसत नाही.

घरापाशी पोचलीस की अंगणाबाहेरच थांब आणि "ओदी!" अशी हाक दे. आतून "ओदिनी!" आलं की मगच पाऊल टाक. जेवणाआधी कुणी मुलगी गुडघ्यांवर बसून तुझ्या हातांवर पाणी ओतेल. संकोचून भांडं तिच्या हातातून काढून घेऊ नकोस, मी पहिल्यांदा तेच केलं होतं. हात धू आणि दोन्ही तळवे हलकेच वाजवून "झिकोमो" म्हण, म्हणजे धन्यवाद. पुढ्यात न्सिमा येईल, मक्याच्या पिठाचा घट्ट पांढरा गोळा. उजव्या हाताने तोडायचा, बोटांनी जरा वळायचा आणि कालवणात बुडवायचा. भोपळ्याच्या पाल्याची दाण्याचं कूट घातलेली भाजी मिळाली तर तुला आजोळी जेवल्यासारखं वाटेल. मला तरी दर वेळी वाटलं.

आता मुख्य गोष्ट.

तिथल्या लोकांत एक म्हण आहे: पाहुणाच धारदार पातं घेऊन येतो. घरच्यांना जे सुटत नाही ते पाहुण्याला सुटतं, असा तिचा अर्थ. माझ्या पहिल्या फेरीत एका प्रार्थनाघराच्या वडिलांनी, म्हणजे तिथली मंडळी सांभाळणाऱ्या ज्येष्ठांनी, ही म्हण म्हणून माझं स्वागत केलं होतं. मी सुखावले. या म्हणीचं ओझंही माझ्यावर आलं आहे, हे मात्र तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

तिथे मंडळी कशी चालते ते आधी सांगते. एका पाळकाकडे, त्याला ते ‘अबुसा’ म्हणतात, अनेक प्रार्थनाघरं असतात, डोंगराच्या अल्याड-पल्याड विखुरलेली. अबुसा प्रभुभोजनाला नि बाप्तिस्म्याला येतो. एरवीचे सगळे रविवार वडीलजन सांभाळतात: शास्त्रपाठ, उपदेश, आजाऱ्याच्या घरी प्रार्थना, नवरा-बायकोचं भांडण, मयताची माती. तू गेलीस तरी हे चालू असतं आणि नाही गेलीस तरीही.

तर उपासना झाल्यावर ते वडील मला बाहेर घेऊन गेले. कच्च्या विटांच्या भिंती, वर गवताचं छप्पर. छपराकडे बोट करून म्हणाले, दर वर्षी गवत कापावं लागतं, ‘मालाता’ मिळाले असते तर बरं झालं असतं. मालाता म्हणजे पत्रे. दुभाष्या म्हणून एक तरुण शिक्षक होता. तो माझ्याकडे बघत राहिला. आणि मी म्हणाले, "बघू. प्रभू मार्ग काढील."

बाळ, आपल्याकडे ‘बघू’चा अर्थ सगळ्यांना कळतो. लग्नाला येणार का, तर बघू. उसने देणार का, तर बघू. ऐकणारा समजून जातो की हे नाहीच्या जवळचं आहे, मन न मोडता सांगितलेलं. तिथे हा अर्थ पोचत नाही. समुद्रापलीकडून आलेली एक बाई देवाचं नाव घेऊन ‘बघते’ म्हणाली, म्हणजे ती बघणार. त्यांनी माझं बोलणं माझ्यापेक्षा जास्त खरं मानलं.

परत आल्यावर मी दोन ठिकाणी शब्द टाकला, नकार आला, आणि विषय माझ्या मनातून निघूनही गेला.

पुढच्या वर्षी मेमध्ये गेले. बायका वाटेत गात सामोऱ्या आल्या. प्रार्थनाघराच्या छपरातून आभाळ दिसत होतं. मागची भिंत पावसात भिजून गुडघ्याएवढी खाली बसली होती, आणि शब्बाथ शाळेची मुलं आंब्याखाली बसत होती. वडील मला भिंतीपाशी घेऊन गेले, खचलेल्या मातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "मागच्या वर्षी आम्ही गवत कापलं नाही." एवढंच. ते का, हे मला दुभाष्याकडून काढून घ्यावं लागलं. गवत पाऊस संपल्यावर सुकतं, तेव्हाच कापून छप्पर शाकारायचं असतं. पण अमायी, म्हणजे मी, पत्रे आणणार होत्या. मग गवतासाठी डोंगरावर कशाला जायचं?

कुणी एका शब्दाने मला बोललं नाही. त्या संध्याकाळीसुद्धा माझ्यासाठी कोंबडी होती.

दुसऱ्या दिवशी मी वडिलांच्या बायकोबरोबर डोंगरावर गेले. ते गवत माणसाच्या उंचीचं असतं आणि पात्याची कड करवतीसारखी. तासाभरात माझ्या तळहातातून रक्त यायला लागलं. तिने आपल्या चितेंजेची कड दातांनी फाडली, माझ्या हाताला पट्टी गुंडाळली, गाठ मारली आणि विळा परत माझ्याच हातात दिला. "राहू दे, तू बस" असं ती म्हणाली नाही. तेवढ्यापुरती मी तिथे पाहुणी नव्हते. तिचे ते उपकार मी अजून विसरलेले नाही.

पत्रे चार वर्षांनी चढले, त्यांच्या स्वतःच्या हिमतीवर. दर सुगीला घरटी एक बादली मका बाजूला ठेवायचा, विकायचा, पैसे खजिनदाराकडे. मीही वाटा दिला, एका घराचा असतो तेवढाच. खजिनदाराने वहीत माझं नाव इतर बायकांच्या ओळीत लिहिलं, खाली नाही आणि वरही नाही. तुला काही द्यावंसं वाटेल, वाटायलाच हवं. ते एकट्या कुणाच्या हातात देऊ नकोस. वडीलजनांसमोर दे, वहीत लिहून घे, आणि त्यांच्या एका घराच्या वाट्यापेक्षा मोठं असेल तर आधी त्यांना विचार की हे हवं आहे का. जे देऊ शकत नाहीस त्याला तिथल्या तिथे "हे माझ्याच्याने होणार नाही" म्हण. त्यांना वाईट वाटेल, पण दुसऱ्या दिवशी ते गवत कापायला लागतील.

तू नाशिकच्या शरणपूरची आहेस म्हणून आणखी एक सांगते. तुझ्या घराजवळच्या ज्या जागेवरून तू रोज जातेस, तिथे एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना आसरा होता. ती मुलं तिथे वाचायला शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. मुंबईतही होती. चुमा नावाचा मुलगा मलावी सरोवराकडच्या याओ लोकांतला. १८६१ साली शिरे नदीच्या वरच्या मुलखात तो गुलामांच्या तांड्यातून सुटला. आफ्रिकेत फिरलेला स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याने १८६४ मध्ये त्याला मुंबईला आणलं आणि डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशन शाळेत ठेवलं. बरोबर विकातानी नावाचा दुसरा मुलगा होता. पुढे १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन चितांबोच्या गावात वारला, तेव्हा त्याचा देह समुद्रापर्यंत नेणाऱ्यांत हा चुमा पुढे होता, आणि नाशिकला शिकलेला जेकब वेनराइटही. मयताची प्रार्थना जेकबने वाचली, झाडावर नाव आणि तारीख त्यानेच कोरली. पुढच्या वर्षी वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये शवपेटीला खांदा देणाऱ्यांतही तो होता.

तिथल्या मिशनचा इतिहास सहसा १८७५ पासून सांगतात, स्कॉटलंडची माणसं सरोवरावर आली तेव्हापासून. केप मॅक्लिअरला त्यांच्या कबरी आहेत, हिवतापाने गेलेल्या तरुण माणसांच्या. जमलं तर तिथे जाऊन उभी राहा. पण हेही ध्यानात ठेव की ते येण्याच्या जवळजवळ दहा वर्षं आधी त्या सरोवराकडचा एक मुलगा मुंबईत बाप्तिस्मा घेऊन परत निघालाही होता. शुभवर्तमान तू पहिल्यांदा घेऊन जाते आहेस असं मनात आलं, तर चुमाला आठव.

आणि अधिकाराचं एक. त्याच स्कॉटिश माणसांच्या लिव्हिंग्स्टोनिया मिशनमध्ये पहिल्या तीन आफ्रिकी पाळकांना दीक्षा मिळाली ती १९१४ मध्ये, काम सुरू झाल्यावर जवळजवळ चाळीस वर्षांनी. माणसं तयार नव्हती असं नाही. विश्वास टाकायला वेळ लागला. आपल्याकडे नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ ही ख्रिस्तभक्तांची स्वतंत्र संगत मांडली, त्यामागची तळमळ याच जातीची होती. तू मराठी ख्रिस्ती घरातली आहेस, तुझ्या पणज्यानेही कुणाच्या तरी परवानगीची वाट पाहिली असेल. म्हणून तिथे खुर्ची पुढे केली तर बस, पण उपदेशाची वेळ ठरवायला, गीतं निवडायला, कोण आधी बोलणार हे सांगायला जाऊ नकोस. विचारलं तरच सुचव.

बोलायला सांगतीलच. दहा मिनिटांचं बोलणं तयार ठेव, दुभाष्यामुळे त्याची वीस होतात. वाक्यं छोटी ठेव. आपल्या म्हणी, आपले विनोद तिथे भाषांतरात मरतात. मी त्यांना बी आणि माती यांवरच्या गोष्टी सांगायचे, आणि मग मका-भुईमुगाबद्दल तेच मला शिकवायचे. नुसतं वाचून दाखवायचं असेल तर त्यांच्या चिचेवा भाषेतल्या जुन्या बायबलातून एखादं वचन पाठ करून म्हण, उच्चार चुकले तरी चालतील. ते भाषांतर १९२२ पासून त्यांच्या घराघरांत आहे, म्हाताऱ्यांना पानंच्या पानं येतात. तू अडलीस की सगळी मंडळी मिळून पुढचं म्हणेल. मला तिथली सगळ्यात आवडती गोष्ट तीच.

गायकगट एकामागून एक उठतील, वाद्यं नसतील, उपासना तीन तास चालेल. घड्याळ काढून ठेव.

फोटोचं वडिलांना विचार. रिकाम्या कणगीचा, फाटक्या कपड्यांतल्या लेकरांचा फोटो काढू नकोस, इथे कितीही जण मागोत. त्या लेकरांची आई तुला ओळखणार आहे.

सोबत एक पुडकं देते आहे. आत सोलापुरी चादर आहे, देद्झाच्या थंडीला पुरेल. ज्या बाईने माझ्या हाताला पट्टी बांधली तिला दे. वडील गेले, ती आता मुलाकडे राहते. दुभाष्या शिक्षक तुला घेऊन जाईल, त्याला मी कळवलं आहे. ती तुझे हात हातात घेईल, बराच वेळ सोडणार नाही, आणि विचारेल की अमायी पुन्हा कधी येणार. तिला माझ्या गुडघ्यांचं सांग, डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला आहे हे सांग. मी आता येणार नाही असं स्पष्ट सांग. "बघू" म्हणू नकोस.

तुझी,
मावशी