लेकीचं बाळंतपण, ‘नो किंग्ज’चा फलक आणि तुमची पत्रं

मी न्यू जर्सीत राहते, म्हणून अमेरिकेतल्या सध्याच्या घडामोडींवर या खेपेला बरीच पत्रं आली. साताऱ्याहून आलेल्या पत्राला सगळ्यात जास्त जागा दिली आहे, कारण ते लिहिणाऱ्या बाईंना रात्री झोप लागत नाहीये.

माझी मुलगी आणि जावई दोघंही न्यू जर्सीत नोकरीसाठीच्या तात्पुरत्या एच-१बी व्हिसावर आहेत. मुलीला सातवा महिना लागलाय. मी फेब्रुवारीत बाळंतपणाला जाणार आहे. तिथे जन्मलेल्या बाळाला आता नागरिकत्व मिळणार नाही, असं इथे सगळे म्हणतात. खरं काय ते सांगा.
— एक आई, सातारा

ताई, मुद्द्याचं आधी सांगते. आज, डिसेंबर २०२५ मध्ये, अमेरिकेत जन्मलेलं बाळ जन्मतः नागरिक आहे. तुम्ही ज्याबद्दल ऐकलंय तो आदेश निघाला हे खरं आहे, पण आजवर एकाही बाळावर त्याची अंमलबजावणी झालेली नाही.

२० जानेवारीला शपथ घेतली त्याच दिवशी ट्रम्प यांनी या आदेशावर सही केली. आई बेकायदा राहत असेल, किंवा कायदेशीर पण तात्पुरत्या व्हिसावर असेल, आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर बाळाला नागरिक मानायचं नाही, असं त्यात म्हटलंय. तुमची मुलगी या ‘तात्पुरत्या’त येते. ग्रीन कार्डाच्या रांगेत भारतीयांची वर्षानुवर्षं जातात, म्हणून आमच्या भागातली कितीतरी मराठी घरं या एका शब्दापाशी येऊन थांबली.

दुसऱ्याच दिवशी न्यू जर्सीचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल, म्हणजे राज्याचे मुख्य सरकारी वकील, मॅथ्यू प्लॅटकिन यांच्या पुढाकाराने १८ राज्यं कोर्टात गेली. सिएटलमध्ये आणखी चार राज्यांनी वेगळा दावा लावला. तिथले न्यायाधीश जॉन कॉफनोर यांनी २३ जानेवारीला आदेशाला स्थगिती दिली आणि तो उघडउघड घटनाबाह्य असल्याचं भर कोर्टात सुनावलं. त्यांची नेमणूक १९८१ साली रेगन यांनी केलेली, म्हणजे ट्रम्प यांच्याच पक्षाच्या अध्यक्षांनी. चाळीसहून जास्त वर्षांत इतकं स्पष्ट प्रकरण आपल्यासमोर आल्याचं आठवत नाही, असंही ते म्हणाले. ती बातमी मी स्वयंपाकघरात उभ्याने ऐकली आणि गॅस बंद करून खाली बसले.

पुढे २७ जूनला सर्वोच्च न्यायालयाने एक धक्का दिला. एका न्यायाधीशाने साऱ्या देशाला लागू होईल अशी स्थगिती सहसा देता कामा नये, असा तो निकाल. आदेश घटनेत बसतो की नाही, यावर त्यात काहीच नव्हतं. त्या दिवशी आमच्या ओळखीतल्या दोन गरोदर मुलींनी मला फोन केला. ‘मावशी, आता राज्याराज्यात वेगळा नियम का?’ पण वकिलांनी लगेच दुसरी वाट धरली. देशभरातल्या अशा सगळ्या बाळांच्या वतीने एकच सामूहिक दावा लावला, आणि १० जुलैला न्यू हॅम्पशरचे न्यायाधीश लाप्लांट यांनी या बाळांना मिळून संरक्षण दिलं. तेच प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबरला सुनावणीसाठी घेतलंय.

निकाल काय लागेल ते मी सांगू शकत नाही, पण बाळाच्या बाजूने काय उभं आहे ते सांगते. यादवी युद्धानंतर १८६८ साली चौदावी घटनादुरुस्ती झाली. कृष्णवर्णीय माणूस नागरिक होऊच शकत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १८५७ मध्ये दिला होता. तो पुसण्यासाठी ‘इथे जन्मला तो इथला नागरिक’ असं घटनेतच लिहिलं. पुढे वाँग किम आर्क नावाचा एक स्वयंपाकी होता. आईवडील चिनी, जन्म सॅन फ्रान्सिस्कोचा. १८९५ मध्ये चीनहून परतला तर त्याला बोटीवरून उतरूच देईनात. चिनी लोकांना येण्याची बंदी होती तो काळ. कित्येक महिने बंदरातल्या बोटींवर अडकून पडलेला तो माणूस सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला आणि १८९८ मध्ये सहा विरुद्ध दोन अशा मतांनी जिंकला. त्याच्या आईवडिलांना स्वतःला कधीच नागरिक होता आलं नसतं. तुमच्या नातवंडाची बाजू मांडताना वकील याच निकालाचा आधार घेतात.

एक काम मात्र करा. बाळाचा जन्मदाखला हातात आला की मुलीला त्याच आठवड्यात पासपोर्टचा अर्ज भरायला लावा. ‘सहा महिन्यांनी बघू’ असं म्हणू देऊ नका.

ट्रम्प यांच्याविरुद्धच्या १८ ऑक्टोबरच्या ‘नो किंग्ज’ (‘राजे नकोत’) निदर्शनांचे फोटो पाहिले. लोक दोन तास फलक धरून उभे राहिले आणि घरी गेले. आणीबाणीत जवळची माणसं तुरुंगात गेलेली पाहिलेल्या माझ्यासारख्याला हे सहलीसारखं वाटतं. यातून साधतं काय?
— निवृत्त शिक्षक, सांगली

सर, मी त्या दिवशी उभी होते, म्हणून तुमचा प्रश्न मला लागला, आणि तुम्ही तो विचारायलाच हवा होता.

आमच्या गावाजवळच्या हमरस्त्याच्या फुटपाथवर उभे होतो. पिवळी जाकिटं घातलेले स्वयंसेवक एकच सांगत फिरत होते, फुटपाथ सोडू नका, गाडीतून कुणी शिवी दिली तरी उत्तर देऊ नका. माझ्या शेजारी घडीच्या खुर्चीवर व्हिएतनाम युद्धात लढलेले एक आजोबा बसले होते, मांडीवर अमेरिकेचा झेंडा. अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहाचे सभापती माइक जॉन्सन यांनी या निदर्शनांना आधीच अमेरिकाद्वेष्ट्यांचा मेळावा म्हटलं होतं. आजोबा दोन तासांत फारसं बोलले नाहीत. गाडीने हॉर्न दिला की झेंडा उचलायचे.

निघताना मी डाव्या हातावर वकिलांच्या मदतकेंद्राचा नंबर मार्करने लिहिला होता, आणि पर्समध्ये पासपोर्टची प्रत. सोळा वर्षं नागरिक असूनही. सहलीला जाताना कुणी हातावर वकिलाचा नंबर लिहीत नाही, सर.

माझ्या फलकावर अमेरिकी घटनेचे पहिले शब्द होते, ‘वी द पीपल’, आणि खाली देवनागरीत ‘आम्ही लोक’. सिग्नलला थांबलेल्या गाडीतल्या विशीतल्या एका मुलीने काच खाली केली आणि मोठ्याने वाचलं, ‘आम्ही लोक!’ दिवा हिरवा झाला नि ती गेली. कोण, कुठली, माहीत नाही. माझे हात थरथरत होते.

आता साधलं काय ते. त्या दिवशी सुमारे २७०० ठिकाणी निदर्शनं झाली. माणसं सत्तर लाखांच्या आसपास, हा आयोजकांचा अंदाज आहे. १४ जूनला पहिली फेरी झाली तेव्हा तो पन्नास लाखांचा होता. पण फोटोत जे येत नाही ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. फुटपाथच्या टोकाला दोन घडीची टेबलं होती. एकावर मतदार नोंदणीचे अर्ज, दुसऱ्यावर घरोघर जाण्यासाठी नावं घेत होते. मी नाव दिलं. पुढचे दोन शनिवार मराठी आणि गुजराती घरांची दारं वाजवली. बहुतेक ठिकाणी लोक आधी वाढलेल्या विजेच्या बिलाबद्दल बोलले, मग न्यूयॉर्कला जाणाऱ्या रेल्वेच्या नव्या बोगद्याबद्दल. जुना बोगदा १९१० सालचा, २०१२ च्या सँडी वादळात खारं पाणी शिरून खराब झालेला. नव्याचं काम चालू असतानाच ट्रम्प यांनी ऑक्टोबरमध्ये तो रद्द केल्याचं जाहीर केलं. रोज त्या गाडीने जाणाऱ्या माणसाला राजकारण समजावून सांगावं लागत नाही.

४ नोव्हेंबरला ट्रम्पविरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या माइकी शेरिल जवळपास १४ टक्क्यांनी आमच्या न्यू जर्सीच्या गव्हर्नरपदी निवडून आल्या. त्याच दिवशी त्याच पक्षाच्या अबिगेल स्पॅनबर्गर व्हर्जिनियाच्या गव्हर्नरपदी जिंकल्या, न्यूयॉर्क शहराच्या महापौरपदी झोहरान ममदानी. हे आमच्या फुटपाथमुळे झालं असं मी म्हणत नाही. पण ती दोन टेबलं फुटपाथवरच होती.

तिथे विरोधी पक्ष असतो की नाही? तो करतो काय?
— वाचक, नाशिक

आपल्याकडच्यासारखं विरोधी पक्षनेत्याचं एक पद तिथे नसतं. अल्पमतातल्या, म्हणजे डेमोक्रॅटिक, पक्षाचे दोन सभागृहांत दोन नेते, सिनेटमध्ये चक शूमर आणि प्रतिनिधीगृहात हकीम जेफ्रीस. सिनेटमध्ये ट्रम्प यांच्या रिपब्लिकन पक्षाचं ५३ विरुद्ध ४७ असं बळ आहे, पण बहुतेक विधेयकांना ६० मतं लागतात. डेमोक्रॅटांच्या हातातली दोरी ती एवढीच.

आमच्या राज्याचे सिनेटर कोरी बुकर ३१ मार्चच्या संध्याकाळी सात वाजता ट्रम्प यांच्या कारभाराविरुद्ध बोलायला उभे राहिले ते दुसऱ्या दिवशी आठ वाजून गेल्यावर थांबले. २५ तास ५ मिनिटं. बसायचा मोह नको म्हणून खुर्ची आधीच हलवायला लावली होती, दोन-तीन दिवसांपासून जेवण सोडलं होतं. लोकांनी पाठवलेली पत्रं ते वाचून दाखवत होते. सिनेटमधल्या सर्वांत लांब भाषणाचा आधीचा विक्रम स्ट्रॉम थर्मंड यांचा होता, १९५७ चा, नागरी हक्कांच्या कायद्याला विरोध करताना केलेला. तो एका कृष्णवर्णीय सिनेटरने मोडला. त्या भाषणाने कुठलंही विधेयक अडलं नाही. पण ‘आपलं कुणी बोलतच नाही’ असं आम्हाला त्या दिवसांत वाटत होतं, ते कमी झालं.

नोव्हेंबरबद्दल मात्र माझा राग अजून गेलेला नाही. खर्चाच्या विधेयकावर एकमत न झाल्याने १ ऑक्टोबरपासून सरकारचं कामकाज बंद पडलं ते ४३ दिवस. डेमोक्रॅटांची मागणी होती आरोग्यविम्याच्या वाढीव सवलतीची, ती ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतच होती. १ नोव्हेंबरला सुमारे ४ कोटी २० लाख गरिबांच्या रेशनच्या कार्डावर पैसे आलेच नाहीत. राखीव निधी वापरा, असं दोन न्यायाधीशांनी आदल्या दिवशी सरकारला बजावलं होतं. मी दर गुरुवारी एका धान्यवाटप केंद्रावर जाते. त्या गुरुवारी रांग पार्किंग ओलांडून रस्त्यावर गेली होती. रुग्णालयाचा गणवेश घातलेली एक बाई आली, कामावरून थेट. तिने शेंगदाण्याच्या लोण्याची बरणी उचलली, परत ठेवली आणि विचारलं, ‘एक घेतली तर चालेल ना?’ आम्ही त्या दिवशी घरटी एकच देत होतो, ते तिला ठाऊक होतं. तरी तिने विचारलं.

शेवटी डेमोक्रॅटिक गटातल्या आठ सिनेटरांनी रिपब्लिकनांसोबत मत दिलं आणि कामकाज सुरू झालं. सवलतीचा प्रश्न तसाच राहिला. ती रांग पाहिलेली असल्याने त्या आठांना मी दोष देऊ शकत नाही, आणि हाती काही न घेता उठले म्हणून माफही करू शकत नाही.

आमच्या बेळगावचे श्री ठाणेदार यांनी ट्रम्प यांच्यावर महाभियोग आणला होता. पुढे काय झालं?
— वाचक, बेळगाव

प्रतिनिधीगृहाचे डेमोक्रॅट सदस्य असलेल्या ठाणेदारांनी एप्रिलच्या अखेरीस सात कलमांचा ठराव मांडला. मे महिन्यात त्यावर मतदान मागणार होते, पण स्वपक्षीयच नाराज झाले आणि त्यांनी आग्रह सोडला. महाभियोग प्रतिनिधीगृहात साध्या बहुमताने होतो. पदावरून काढायला मात्र सिनेटमध्ये ६७ मतं लागतात. २०२१ मध्ये, कॅपिटॉल या संसदभवनावरच्या हल्ल्यानंतरही, ट्रम्प यांच्याविरुद्धची मतं ५७ वरच अडली होती. बेळगावात वाढलेल्या माणसाने ते पाऊल उचललं याचा मला अभिमान वाटला. वेळ चुकली, हेही माझं मत आहे.

दुसऱ्यांच्या देशात जाऊन त्यांच्याच सरकारविरुद्ध फलक धरणं शोभतं का?
— वाचक, पुणे

२००९ मध्ये नेवार्कला मी नागरिकत्वाची शपथ घेतली. शपथेत राष्ट्राध्यक्षांचं नाव नाही. राज्यघटनेचं रक्षण करीन, असं त्यात आहे. मी मिरजेची, आणि आता हा देशही माझा आहे.

सप्टेंबरमधली एक गोष्ट सांगते. आमच्या गल्लीतला एक मुलगा वडिलांच्या श्राद्धाला पुण्याला गेला होता. शुक्रवारी, १९ तारखेला, एच-१बीसाठी एक लाख डॉलर भरण्याचा आदेश निघाला, रविवारपासून लागू. आधीपासून व्हिसा असणाऱ्यांनाही तो लागू आहे की काय, कुणालाच कळेना. त्याच्या कंपनीच्या वकिलाचा निरोप आला, लगेच परत ये. रविवारी सर्वपित्री अमावास्या होती. शनिवारी तो पान न वाढताच मुंबईला निघाला. हे फक्त नव्या अर्जांना लागू आहे, असा सरकारचा खुलासा आला तेव्हा तो विमानात होता. घरी आला आणि बूटही न काढता जिन्याच्या पायरीवर बसून राहिला. त्याला रस्त्यावर उभं राहता येत नाही. मला येतं.

मुलगा बोस्टनला एमएस करतोय. मित्र निदर्शनांना बोलावतात. जाऊ देऊ का?
— एक वडील, छत्रपती संभाजीनगर

भाषणस्वातंत्र्य परदेशी विद्यार्थ्यालाही आहे. पण मार्चमध्ये बोस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठातल्या एका तुर्की विद्यार्थिनीला तोंड झाकलेल्या अधिकाऱ्यांनी रस्त्यावरून उचललं. विद्यापीठाच्या वर्तमानपत्रातल्या एका लेखावर तिचंही नाव होतं. कोर्टाने सोडेपर्यंत ती सहा आठवडे लुइझियानात कोठडीत होती. दादा, माझा मुलगा असता तर मी त्याला या वर्षी जाऊ नको म्हटलं असतं, आणि ते म्हणताना मला फार वाईट वाटलं असतं. त्याला पासपोर्ट, आय-२० (विद्यापीठाने दिलेला प्रवेशाचा दाखला) आणि आय-९४ (अमेरिकेत आल्याची नोंद) यांच्या प्रती तुमच्याकडे पाठवायला सांगा. विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाचा नंबर फोनमध्ये आहेच, तो कागदावरही लिहून पाकिटात ठेवू दे. फोन काढून घेतला तर कागद उरतो.