देणगी, पावती आणि मृत्युपत्र

वाचक विचारतात

सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा उरकली आणि मार्च दिसू लागला की माझ्याकडे देणगीविषयीची पत्रं वाढतात. कुणाला शाळेला द्यायचं असतं, कुणाला आपल्यामागे घर संस्थेकडे जावं असं वाटत असतं. ज्या गावात यंत्रमाग कामगारही पगारातले काही पैसे अन्नदानाला बाजूला काढतो, तिथे अशी पत्रं येणारच. ती वाचताना मला मनापासून आनंद होतो, आणि म्हणूनच उत्तरं गोड करून लिहीत नाही. या वेळी पाच पत्रं घेतली आहेत.

ताई, मी निवृत्त शिक्षिका आहे. ज्या शाळेत शिकले, तिच्या संस्थेला १ लाख रुपये द्यायचे आहेत. संस्थेकडे ८०-जी, म्हणजे देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारी मंजुरी, आहे. शेजारचे म्हणतात, अर्धी रक्कम करातून सुटते. खरं का? (जुळे सोलापूर)

बाई, शेजाऱ्यांचं म्हणणं अर्धवट आहे. सुटतो तो उत्पन्नाचा काही भाग, कर नव्हे. आणि तोही जुनी करप्रणाली घेतली तरच. नव्या प्रणालीत ८०-जीची वजावटच नाही.

तुम्ही आकडे कळवलेत ते बरं झालं. प्रमाणित वजावटीनंतर पेन्शन आणि ठेवींचं व्याज मिळून ८ लाख. त्यातून ८०-सीखालच्या बचतीचे १ लाख, आरोग्य विम्याचे २५ हजार आणि ज्येष्ठांना व्याजावर मिळणारी ५० हजारांची सूट वजा केली की उरतात ६ लाख २५ हजार. अशा संस्थेला दिलेल्या देणगीपैकी या रकमेच्या दहा टक्केच, म्हणजे ६२,५००, हिशेबात धरतात आणि त्याच्या निम्मे, ३१,२५०, उत्पन्नातून वजा होतात. तुमच्या २० टक्क्यांच्या टप्प्यात उपकर धरून वाचतात ६,५०० रुपये. वरचे ३७,५०० पुढच्या वर्षी ओढता येत नाहीत.

पण खरी गोष्ट याच्या पुढे आहे. ही सगळी वजावट घेऊनही जुन्या प्रणालीत तुम्हाला २९,९०० रुपये कर भरावा लागेल. नव्या प्रणालीत २०२५-२६ या वर्षासाठी १२ लाखांपर्यंतच्या साध्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य आहे. देणगीची वजावट मिळावी म्हणून जुनी प्रणाली निवडलीत तर साडेसहा हजार वाचवायला तीस हजार मोजाल. तुमच्या वयाच्या कितीतरी लोकांना हे कुणी सांगतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

तेव्हा नवी प्रणाली ठेवा आणि शाळेला लाख रुपये खुशाल द्या. ८०-जी नसलेल्या पण चांगलं काम करणाऱ्या छोट्या वाचनालयालाही मग तुम्ही मोकळेपणाने देऊ शकता, कारण करासाठी तुम्हाला त्या पावतीची गरजच उरत नाही.

ज्यांचं उत्पन्न मोठं आहे, घरकर्जाचं व्याज वगैरे वजावटी भरपूर आहेत आणि हिशेब करून जुनी प्रणालीच स्वस्त पडते, त्यांनी मात्र ८०-जी नीट सांभाळावी. २ हजारांच्या वरची रोख देणगी चालत नाही. चेक, यूपीआय किंवा बँकेतून द्यावी. संस्थेची मंजुरी चालू आहे ना, हे आयकर विभागाच्या संकेतस्थळावर पाहावं. ती मुदतीची असते आणि नूतनीकरण राहून गेलेल्या संस्था आपल्याकडेही आहेत. नुसती पावती आता पुरत नाही. संस्था वर्षाचं विवरण विभागाला देते आणि तुम्हाला १०-बीई हे प्रमाणपत्र देते. ते ३१ मेपर्यंत मागून घ्या. यात्रेत हुंडीत टाकलेल्या पैशांची वजावट मागणारेही भेटतात. त्याला पावती नाही, तेव्हा वजावटही नाही.

सीनेच्या पुरात २०२५च्या सप्टेंबरात माढा-मोहोळकडे आमच्या कारखान्यातल्या चादरी आणि टॉवेल टेम्पो भरून पाठवले. बिल केलं नाही. ही देणगी करात दाखवता येईल का? (अक्कलकोट रोड)

पाठवलंत ते फार चांगलं केलंत. पण नाही, दाखवता येणार नाही. ८०-जी फक्त पैशाच्या देणगीला आहे. चादर, धान्य, औषधं, कपडे, काहीच त्यात बसत नाही. धंद्याचा खर्च म्हणून ते टाकावं, असंही मी सुचवणार नाही.

उलट एक काम तुमच्याकडे राहिलेलं असणार. फुकट दिलेल्या मालावर सूत आणि रंगाईच्या खरेदीचं जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, ठेवता येत नाही. जेवढा माल गेला, तेवढं क्रेडिट परत करावं लागतं. टेम्पोत किती नग होते याची नोंद, गावच्या ग्रामपंचायतीचं पोहोच पत्र असेल तर ते, आणि साठ्याच्या वहीत घट, एवढं आजच करून ठेवा. नाहीतर दोन वर्षांनी साठा जुळला नाही की तो माल बिलाशिवाय विकला, असा संशय तुमच्यावर येईल. इतकं चांगलं काम करून तो संशय का ओढवून घ्यायचा?

पुढच्या वेळी मुख्यमंत्री सहायता निधीला चेकने दिलंत तर वजावट पूर्ण शंभर टक्के आहे, दहा टक्क्यांची मर्यादाही नाही. अर्थात जुनी प्रणाली असेल तरच. धंद्याचं उत्पन्न असलेल्यांना प्रणाली दरवर्षी बदलता येत नाही. १०-आयईए हा अर्ज भरून एकदा जुनीत गेलात आणि परत नवीत आलात की धंदा चालू असेपर्यंत पुन्हा जुनीचं दार बंद. एका देणगीसाठी हा निर्णय घेऊ नका. चादरीच द्याव्याशा वाटल्या तर चादरीच द्या. पुरात भिजलेल्या घराला रात्री चादर लागते, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

एक जण ऑफिसात येऊन सांगतो, संस्थेला चेक द्या, पाच टक्के कापून रोख परत मिळेल, पावती पूर्ण रकमेची. २०२३-२४ साली मी असं केलं आहे. आता काय? (नोकरदार, सोलापूर)

ही देणगी नव्हे, खोटी वजावट आहे. उघड झाली तर बुडवलेला कर, त्यावर व्याज आणि कराच्या दुप्पट, म्हणजे २०० टक्के दंड. विभागाने २०२५च्या जुलैत अशा खोट्या वजावटींसाठी देशभर तपासण्या केल्या, हे तुम्ही वाचलंच असेल. संस्थेने दिलेलं विवरण आणि तुमचं विवरणपत्र आता संगणकच ताडून पाहतो.

सुधारित विवरणपत्राची मुदत गेली असली तरी अद्ययावत विवरणपत्र भरता येतं. त्या वर्षासाठी ३१ मार्च २०२६पर्यंत भरलंत तर कर आणि व्याजावर २५ टक्के जादा, त्यानंतरच्या वर्षभरात ५० टक्के. त्या वर्षाच्या आकारणीची कारवाई सुरू झाली असेल तर हा रस्ता बंद होऊ शकतो. तेव्हा या आठवड्यात भरा. आणि त्या माणसाला ऑफिसच्या दारातूनच परत पाठवा. त्याच्यामुळे खऱ्या संस्थांच्या पावत्यांवरचाही विश्वास उडतो.

आम्ही दरवर्षी जकात काढतो. ती ट्रस्टमार्फत दिली तर सूट मिळते का? आणि माझ्या पश्चात घर मुलींच्या शिक्षणाचं काम करणाऱ्या संस्थेला द्यायचं मनात आहे. मुलगा आणि दोन मुली आहेत. (विजापूर वेस)

जकात असो, वर्गणी असो की धर्मादा, आयकर कायदा नाव पाहत नाही, संस्था पाहतो. ८०-जी असलेल्या ट्रस्टला बँकेतून दिलंत तर ती देणगी. गरजू नातेवाइकाच्या हातात दिलेल्या रकमेला वजावट नाही, तिचं पुण्य तुमचं तुमच्यापाशी. एकाच धर्माच्या किंवा जातीच्या लोकांसाठी म्हणून काढलेल्या संस्थेला ८०-जी मिळत नाही. हे सर्वांना लागू आहे; आपल्या शहरात समाजाची वसतिगृहं आणि मंडळं पुष्कळ, त्यांच्या देणगीदारांनीही लक्षात ठेवावं. मात्र महिला आणि मुलांसाठी, मागासवर्गीयांसाठी किंवा अनुसूचित जाती-जमातींसाठी असलेल्या संस्थांना ही अट आड येत नाही. मुलींच्या शिक्षणाची संस्था म्हणूनच चांगली निवड आहे.

घराचं म्हणाल तर मुस्लिम कायद्याप्रमाणे वसीयतीने, म्हणजे मृत्युपत्राने, तुम्ही दफनखर्च आणि कर्ज फेडून उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंतच देऊ शकता. त्यापुढे तुमच्या पश्चात वारसांची संमती लागते. घर हीच मुख्य मालमत्ता असेल तर ते तृतीयांशात बसणार नाही. हयातीत हिबा, म्हणजे बक्षीस, करता येतो, त्याला ही मर्यादा नाही, पण ताबा खरोखर द्यावा लागतो, आणि म्हातारपणी डोक्यावरचं छप्पर देऊन टाका, असं मी कुणालाच सांगणार नाही. मुलांना एकदा समोर बसवून मन सांगा. मुलीही शिकल्या आहेत असं लिहिलं आहे तुम्ही; त्या नाही म्हणतील असं मला वाटत नाही.

आम्हाला मूलबाळ नाही. मंगळवेढ्याकडे सहा एकर काळी जमीन, सोलापुरात एक घर आणि ठेवी आहेत. सगळं विद्यार्थी वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेला द्यायचं आहे. मृत्युपत्राने दिलं तर कर किती वाचेल? पुतणे आहेत, त्यांना अजून सांगितलेलं नाही. (निवृत्त कर्मचारी व पत्नी)

काका, आधी कराचं उत्तर, कारण ते छोटं आहे. काहीच वाचणार नाही, कारण काही लागतच नाही. आपल्या देशात वारशावरचा कर, म्हणजे इस्टेट ड्युटी, १९८५ साली रद्द झाला. संस्था नोंदणीकृत असेल तर तिलाही मृत्युपत्राने आलेल्या मालमत्तेवर कर नाही. आणि पश्चात दिलेल्या देणगीची ८०-जी कुणालाच मिळत नाही. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६पासूनचा; त्यात कलमांचे क्रमांक वेगळे, पण चित्र हेच.

तेव्हा कराची काळजी सोडा आणि कागदाची करा.

सगळ्यात अडचणीची तुमची जमीन. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकरी नसलेल्याकडे द्यायला कुळकायद्याच्या कलम ६३ची आडकाठी आहे, आणि संस्था शेतकरी नसते. मृत्युपत्राने देऊ म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात याच कायद्याचा निर्बंध मृत्युपत्रालाही लागू धरला आहे. सहा एकर संस्थेच्या नावावर लिहाल आणि तलाठ्याकडे फेरफार अडकून पडेल, बांधावर ज्वारीऐवजी दावे उगवतील. त्यापेक्षा दोन मार्ग. मृत्युपत्रात व्यवस्थापकाला, म्हणजे ते अमलात आणणाऱ्या माणसाला, अधिकार द्या, की जमीन शेतकऱ्याला विकून पैसे संस्थेला द्यावेत. किंवा कसणं जड जातंय तेव्हा हयातीतच विका. मंगळवेढ्यासारख्या गावाच्या नगरपालिका हद्दीपासून २ किलोमीटरच्या पलीकडची शेतजमीन भांडवली मालमत्ता धरत नाहीत, त्यामुळे विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही. सोलापूर शहराजवळच्यांना हे अंतर ६ किलोमीटर आहे. पुतण्यांपैकी कुणी ती जमीन कसत असेल तर आधी त्याला विचारा. विकत घेण्याचा पहिला मान त्याचा, असं मला वाटतं.

घर मृत्युपत्राने द्या, बक्षीसपत्राने नको. बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क लागतं आणि सही झाली की घर गेलं; मृत्युपत्र हवं तेव्हा बदलता येतं. मात्र संस्थेला हे घर पुढे विकायचं झालं तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागेल. ते घर त्यांना वापरायचं आहे की पैसेच उपयोगाचे, हे विश्वस्तांना आत्ताच जाऊन विचारा. पैसेच हवे असतील तर घरही व्यवस्थापकाने विकून रक्कम द्यावी, असं लिहा.

ठेवींना पुतण्याचं नॉमिनेशन आहे असं दिसतं. नॉमिनी हा मालक नव्हे, बँकेकडून पैसे घेऊन खऱ्या हक्कदाराला देणारा माणूस. मृत्युपत्रात संस्था आणि बँकेत पुतण्या असं राहिलं तर तो बिचारा दोन्हीकडून अडकेल. ज्याला व्यवस्थापक नेमाल त्यालाच नॉमिनी करा.

आता तुम्हा दोघांचं. मृत्युपत्रं दोन, एकाच दिवशी. काकांनी सगळं काकूंना दिलं आणि काकूंनी काहीच लिहिलं नाही, तर त्यांच्यानंतर ते सगळं हिंदू वारसा कायद्याने काकांच्या वारसांकडे, म्हणजे पुतण्यांकडे जाईल आणि वसतिगृहाची इच्छा मनातच राहील. वडिलार्जित जमिनीतला तुमचा हिस्साही मृत्युपत्राने देता येतो, पण हिस्सा तुमचाच, पूर्ण जमीन नव्हे. सातबाऱ्यावर भावाचं नाव अजून असेल तर आधी वाटप करून घ्या.

संस्थेचं नाव नोंदणी क्रमांकासह लिहा, कारण एकाच नावाच्या दोन संस्था असतात. ती बंद पडली तर कोणाला, हेही लिहा. ठरावीक रकमेपेक्षा टक्के लिहावेत. आजचे १० लाख वीस वर्षांनी वसतिगृहाच्या एका खोलीलाही पुरणार नाहीत. दोन साक्षीदार, त्यातला एक तुमचे डॉक्टर असले तर उत्तम. संस्थेचा विश्वस्त नको. नोंदणी सक्तीची नाही आणि सोलापुरातल्या मिळकतीसाठी प्रोबेटही, म्हणजे न्यायालयाकडून मृत्युपत्र प्रमाणित करून घेणंही, सक्तीचं नाही, तरीही दुय्यम निबंधकाकडे नोंदवा.

पुतण्यांना सांगायचं टाळू नका. पश्चात कळलं की ते कोर्टात जातात, आधी कळलं की बहुतेक वेळा एखादा तरी पाठीशी उभा राहतो. त्यांच्यासाठीही काहीतरी ठेवलंत तर मला आवडेल, लहानपणी ते तुमच्याच अंगणात खेळले असं तुम्हीच लिहिलं आहे.

वकिलांकडे जाताना सातबारा आणि आठ-अचे ताजे उतारे, घराचा मिळकत उतारा, ठेवींच्या पावत्या आणि संस्थेच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत न्या. काकूंनाही सोबत न्या, आणि त्यांचं मृत्युपत्र आधी लिहून घ्या.