न जुळणारा नमुना

प्रिय,

फेलोशिप, पोस्टडॉक, बोस्टन की पुणे हे सगळं तू दोन पानं लिहिलंस आणि खरा प्रश्न शेवटच्या ओळीत उरकलास. सिकलसेलच्या, म्हणजे लाल पेशी वाकड्या करणाऱ्या आनुवंशिक रक्तविकाराच्या, अभ्यासातली एक मुलगी कुठल्याच गटात बसत नाही, गाईड म्हणतात वगळ, पेपर अडकलाय. उत्तर तिथूनच सुरू करते. वगळू नकोस.

मुलगी अंगदुखीनं वारंवार दाखल होते, प्लीहा हाताला लागते, आणि एचपीएलसीत, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या तपासणीत, मात्र ती नुसती वाहक दिसते, दोष अंगात असून आजार नसलेली. मग मशीनची चूक, असं तुम्ही ठरवून टाकलंत. तिला अलीकडे रक्त चढवलं होतं का, हे कुणी विचारलं? दात्याचं नेहमीचं हिमोग्लोबिन ए तिच्या सिकलसेलच्या हिमोग्लोबिन एसमध्ये मिसळलं की रुग्ण वाहकासारखा दिसू शकतो. मशीननं नळीत होतं तेच दाखवलं. अपुरा होता तो तुमचा केसपेपर. रक्त चढवलं नसेल, तर एस आणि ए यांचं प्रमाण नीट बघ. वाहकात ए जास्त असतं. एस-बीटा प्लस थॅलेसेमियात, म्हणजे सिकलसेल आणि थॅलेसेमियाचे दोष एकत्र आले की, उलट, एस जास्त. हे तुला माहीत आहे, परीक्षेत लिहिलंयस. मग प्रत्यक्ष रुग्ण समोर आल्यावर विसरतेस कशी?

बॉम्बे ब्लड ग्रुप आपण का शिकवतो? १९५२ साली मुंबईत भेंडे, देशपांडे, भाटिया यांना असं रक्त सापडलं की पेशी बघितल्या तर ओ गट वाटावा, पण सीरम ओ गटाच्या पेशींनाही गुठळ्या धरायला लावत होतं. नळी खराब आहे म्हणून बेसिनमध्ये ओतून देणं किती सोपं होतं! त्यांनी छडा लावला, लंडनच्या रेस आणि सँगर यांना सोबत घेतलं, आणि 'लॅन्सेट'मध्ये छापलं. ओ गटाच्या पेशींवरही असणारं एच प्रतिजन, म्हणजे पेशीवरची ओळखखूण, या माणसांच्या पेशींवर नव्हतंच. आजही रिव्हर्स ग्रुपिंगमध्ये, म्हणजे रुग्णाचं सीरम माहीत गटाच्या पेशींशी ताडून बघताना, ओ-सेलची (ओ गटाच्या पेशींची) नळी लावायचा कंटाळा केला, तर असा रुग्ण ओ म्हणून नोंदला जातो आणि ओ गटाचं रक्त त्याच्या जिवावर बेतू शकतं. न जुळणारा नमुना टाकायचा नाही, तो यासाठी.

प्रतिकारशक्तीच्या जन्मजात आजारांत तर मला याचा संताप येतो. तान्हं बाळ, एकामागून एक संसर्ग, बीसीजीच्या बाजूच्या काखेत गाठ. सीबीसीत, रक्तपेशींच्या साध्या मोजणीत, लिम्फोसाइट (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) दोन हजार. रिपोर्टवर मोठ्या माणसाची नॉर्मल रेंज छापलेली, म्हणून कुणी लाल खूण करत नाही. त्या वयात तीन हजारांच्या खाली आकडा गेला की शंका घ्यायलाच हवी. एवढ्या स्वस्त तपासणीत बाळ हाक मारत असतं, आणि आपण रेंज वाचत बसतो.

मला लोक विचारत आले, आयुष्यभर रक्तगट आणि प्रतिपिंडं तपासायच्या एकाच सेरॉलॉजीच्या बाकाला का चिकटलीस. बरोबरीचे परदेशी विभागप्रमुख झाले, माझे पेपर त्यांच्यापेक्षा कमी. असू देत. मी हट्टानं न जुळणाऱ्या नमुन्यांची वेगळी वही ठेवली होती. वरिष्ठांना ती अडगळ वाटायची, मी ती निवृत्तीपर्यंत चालवली. त्या वहीमुळे काही रुग्णांना योग्य रक्त मिळालं, हे माझ्या यादीत पेपर म्हणून मोजलं जात नाही. माझ्या लेखी तेच संशोधन होतं, अजूनही आहे. ती वही पुढे चालवायला कुणी मिळालं नाही, ही खंत मात्र जात नाही. कदाचित म्हणूनच तुझ्यावर एवढी चिडते आहे.

बोस्टनला जरूर जा. जीनोम वाचायला शीक, फ्लो सायटोमेट्रीत, पेशी एकेक तपासून मोजायच्या तंत्रात, हात बसव, आमच्या वेळी यातलं फारसं हाताशी नव्हतं. पण तिथेही सॉफ्टवेअर एखादी नोंद बाजूला काढेल, तेव्हा तिच्यामागचा रुग्ण कोण, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. न जुळणारा नमुना टाकायचा नाही. पुन्हा सांगते आहे, कारण तुला हे पटतं आणि तरीही डेडलाइन आली की तू वाकतेस.

आता कामाचं. मुलीच्या आईला उद्याच फोन कर, रक्त कधी आणि कुठे चढवलं ते विचार, तारीख लिहून घे. आई-वडील दोघांचं एचपीएलसी कर. त्यांच्या नळीत दात्याच्या रक्ताचा घोळ नसेल. रक्त चढवलेलं निघालं, तर मुलीचा नमुना तीन महिन्यांनी पुन्हा घे. गाईडना सांग, ही नोंद पेपरात राहील, कारणासकट. ते रागावले तर मला फोन करायला सांग. मी बोलेन त्यांच्याशी.

तुझी,
मॅडम