नवऱ्याला फ्लू झालाय. घरात उरलेल्या कॅप्सूल बाकीच्यांना द्याव्यात का?

ताई, तुम्ही विचारलंय की परळच्या एका खोलीत चौघं राहता, नवऱ्याची फ्लूची तपासणी काल पॉझिटिव्ह आली, कपाटात ओसेलटामिविर या फ्लूच्या औषधाच्या 75 मिलिग्रॅमच्या 6 कॅप्सूल उरल्या आहेत. त्या 68 वर्षांच्या मधुमेही सासूबाईंना आणि 7 वर्षांच्या मुलाला खबरदारी म्हणून वाटून द्याव्यात का? मी फार्मासिस्ट आहे. माझं उत्तर: नका देऊ.

एका मोठ्या माणसाला 10 कॅप्सूल लागतात, पण त्या घ्यायच्या पद्धती दोन. आजार झाला असेल तर 75 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, 5 दिवस. आजाऱ्याच्या सहवासात आलात आणि टाळायचा असेल तर 75 मिलिग्रॅम दिवसातून एकदाच, 10 दिवस. घोळ नेमका इथे होतो. सासूबाईंचं अंग आताच कसकसत असेल, घसा धरला असेल, तर विषाणू शरीरात शिरलेला असू शकतो. अशा वेळी रोज एकच कॅप्सूल दिली तर तो मरत नाही, उलट औषधाला दाद न देणारा विषाणू तयार व्हायची भीती असते. म्हणून आधी ताप मोजा, खोकला आहे का विचारा. लक्षणं असतील तर उपचाराचाच डोस लागतो. दोन्ही बाबतीत पहिल्या 48 तासांत सुरू केलेलं औषध जास्त उपयोगी पडतं. सासूबाईंचं वय आणि मधुमेह पाहता थांबू नका, आजच डॉक्टरांना फोन करा.

फोन करताना सासूबाईंचा क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडं कशी चालतात ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट हाताशी ठेवा. हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. 55 किलो वजनाच्या 68 वर्षांच्या बाईंचं क्रिएटिनिन 1.3 असेल तर आकडा फारसा वाईट दिसत नाही, पण हिशोब केला की क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडं मिनिटाला किती मिलिलिटर रक्त साफ करतात तो आकडा, 36 च्या आसपास येतो. तो 30 ते 60 मध्ये असला की उपचाराला 75 ऐवजी 30 मिलिग्रॅम दोनदा, प्रतिबंधाला 30 मिलिग्रॅम एकदा. तुमच्या घरातली 75 ची कॅप्सूल त्यांना कदाचित चालणारच नाही.

मुलाचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो. 15 किलोपेक्षा जास्त आणि 23 पर्यंत वजन असेल तर एका वेळी 45 मिलिग्रॅम. पातळ औषध आणलंत तर बाटलीवर एका मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम आहे ते वाचा. 12 असेल तर 3.75 मिलिलिटर, 6 असेल तर 7.5. चमच्याने अंदाजे देऊ नका, सिरिंजनेच मोजा. मूल एरवी ठणठणीत असेल तर प्रतिबंधाचा कोर्स बहुतेक वेळा लागतच नाही. लक्ष ठेवून ताप येताच डॉक्टरांकडे न्यायचं. तापात मुलाला ॲस्पिरिन मात्र कधीच देऊ नका.

नवऱ्याला जेवणानंतर कॅप्सूल द्या, मळमळ कमी होते. एखादी चुकली तर आठवेल तेव्हा द्या. पुढच्या डोसला 2 तासही उरले नसतील तर सोडून द्या, दोन एकदम नकोत. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी पाचही दिवस पूर्ण करायचे. औषध सुरू असताना अंगावर पुरळ आलं किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर पुढचा डोस न देता लगेच डॉक्टरांना कळवा. धाप लागली, छातीत दुखलं, थुंकीतून रक्त आलं, ओठ किंवा नखं निळसर झाली तर सरळ रुग्णालय गाठा.

आणखी एक, कारण पावसाळा चालू आहे. सासूबाईंना किंवा मुलाला ताप आला तर तो फ्लूच असेल असं धरून चालू नका. मुंबईत या दिवसांत डेंग्यू, मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस (साचलेल्या घाण पाण्यातून होणारा ताप), सगळ्यांची सुरुवात साधारण अशीच होते, आणि यांतल्या एकावरही ओसेलटामिविर चालत नाही. रक्ततपासणीत डेंग्यू नाही हे कळेपर्यंत तापाला फक्त पॅरासिटामॉल द्या, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक नको. साचलेल्या पाण्यातून कोणी चालून आलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.